कुसाबाईचा उजवा अंगठा

कुसाबाई, त्या दुपारचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. मोगऱ्याची उदबत्ती आणि तिच्याखाली भाजलेलं कातडं. तेव्हापासून मी घरात उदबत्ती लावत नाही. देवापुढे नुसता दिवा असतो आणि देवानं आजवर काही तक्रार केलेली नाही. तुला हे सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "अंगठा माझा आन् वास तुमाला कसा आला, बाई?" म्हणून सांगितलं नाही. तुझ्यासाठी कोणी हळहळलेलं तुला खपत नसे.

हे तुला लिहितेय खरी, पण वाचणार दुसरी माणसं. तू कोण हे त्यांना ठाऊक नाही, तेव्हा आधी ते सांगून घेते. मध्येमध्ये बोलू नकोस.

तू आमच्या गंगापूर रोडवरच्या वसाहतीची कासारीण. माहेर दिंडोरीकडचं, सासर तांबट लेनच्या मागे. नवरा चिमाजी पितळी भांड्यांना झिलई करायचा आणि उरलेल्या वेळात तुझ्या मिळकतीवर टीका करायचा. तुझ्या डोक्यावर हाताभर उंच टोपली, तिच्यात पुठ्ठ्याचे डबे, आणि खांद्यावर दोरीत ओवलेले बांगड्यांचे भारे. तू हाळी देत नसायचीस. चाललीस की आपोआप किणकिणायचं आणि बायका ओट्यावर येऊन उभ्या राहायच्या.

बांगडी भरायची तुझी एक तऱ्हा होती. समोरचीचा हात मांडीवर घ्यायचीस, चारी बोटं जुळवायचीस, आणि तिच्या अंगठ्याच्या मुळाशी आपला उजवा अंगठा रोवून हात असा मुडपायचीस की तळहाताची पार पुरचुंडी व्हायची. मग बांगडी सांध्यापर्यंत यायची, आणि आता दुखणार अशा नेमक्या क्षणी तू काहीतरी भलतंच विचारायचीस. सासूबाईंनी दात बसवले म्हणं, किंवा तुमच्या मालकांना मी काल सिनेमाच्या रांगेत पाहिलं. ती बाई दचकून तोंड वर करायची, तोवर बांगडी मनगटात. हसत हसत तू दुसरी उचलायचीस.

तू काही साधी नव्हतीस. डझनात एखादी तडकलेली सरकवायचीस. या घरचं त्या घरी न्यायचीस आणि नेताना त्याला थोडी फोडणीही द्यायचीस. मिश्रीनं काळ्या झालेल्या दातांनी खोटं बोलायचीस, आणि पकडली गेलीस तर लाजायची नाहीस. हे लिहिते कारण गेलेल्या माणसाला संत करून टाकायची आपल्याकडे घाण सवय आहे. आणि तू गेलीस की आहेस हेही मला ठाऊक नाही.

आपली ओळख वाढली ती धंद्याबाहेर. मी नर्सिंगच्या मुलींना शरीररचना शिकवत होते. नवरा लवकर गेला. डाव्या मनगटावर घड्याळ, उजव्यावर काही नाही. सगळ्या वसाहतीत तुझं गिऱ्हाईक नसलेलं घर ते एवढंच, म्हणून तू टोपली उतरवायला माझ्याच व्हरांड्यात यायचीस. इथं कोणाला हसवायचं नाही, कोणाचं मनगट गोरं म्हणायचं नाही. पाणी प्यायचीस, पाय पसरायचीस, आणि मान दोन्ही हातांत धरून अशी मोडायचीस की मला कुर्रकन ऐकू यायचं.

त्या हिवाळ्यात, चौऱ्याहत्तर लागता लागता, तू मला दोनतीनदा म्हणालीस की उजव्या हाताला मुंग्या येतात. मानेतून कळ निघते ती थेट खाली उतरते. वाळूची पुरचुंडी गरम करून शेकत होतीस. मी म्हटलं डॉक्टरला दाखव. तू म्हणालीस लगीनसराई सरू द्या.

लगीनसराईतलंच लग्न होतं ते. माझ्या भावाच्या, ढुंढिराजच्या मुलीचं. भाऊ ओझरच्या विमानाच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. मुलगी गोदावरी, आजीचं नाव ठेवलेलं, आम्ही गोदू म्हणायचो. चुडा भरायच्या दिवशी दिवाणखान्यात सतरंजी घातली होती. पाटावर गोदू, समोर तू, भोवती श्यामलावहिनी, पुण्याहून आलेली त्यांची बहीण विमलाबाई, आणि वसाहतीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षीण कमळाबाई. पाचसहा बायका आणखी. मी दारात, म्हणजे विधवेनं बसायचं तिथं.

डावा हात भरून झाला. उजवा घेतलास. दोनचार चढल्या आणि मग काडकन आवाज आला. बांगडी वाढली, असं सगळ्या एकदम म्हणाल्या, कारण त्या दिवशी फुटली म्हणायचं नसतं. गोदूच्या मनगटावर रक्त. वहिनी धावल्या. ओल्या फडक्यानं पुसलं तर खाली कातडं कोरं. गोदू म्हणाली मला काही लागलेलं नाही. तरी परत रक्त. तू तिचा हात उलटा करून, सुलटा करून शोधत होतीस, चेहरा उतरलेला, आणि जिथं जिथं हात लावशील तिथं नवा डाग. मग विमलाबाईंना दिसलं. काच तुझ्या अंगठ्यात होती. चांगली नखाएवढी, उभी. आणि तू अजून पोरीच्या हातावर जखम शोधत होतीस.

  विमलाबाईंनी ओटीच्या तबकातून जळती उदबत्ती उचलली, तुझ्या शेजारी येऊन बसल्या, आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "तुला मुलं किती गं?"

तू वर पाहिलंस. "दोन मुली, बाई. थोरली सटाण्याला दिली, धाकटी..."

तेवढ्यात तो निखारा तुझ्या अंगठ्यावर टेकलेला होता. तू धाकटीचं गाव सांगितलंस, जावयाचं काम सांगितलंस. तुझी स्वतःचीच युक्ती तुझ्यावर चालवली होती त्या बाईनं. वास आधी आला, मग तू खाली पाहिलंस.

"बघा," विमलाबाई बहिणीला म्हणाल्या. "महारोग."

कमळाबाईंनी पहिल्यांदा पाय आखडून घेतले आणि मग नाकाला पदर लावला, जणू तो रोग वासातून येतो. मी उठले, विमलाबाईंच्या हातातून उदबत्ती घेतली आणि तबकातल्या तांदळात खुपसली. म्हटलं आता तुमच्या अंगठ्याला लावून दाखवा, तुम्हाला कळतं का पाहू. वहिनी म्हणाल्या, वन्सं, शुभकार्यात भांडण नको. म्हणजे भाजणं चालतं, भांडण चालत नाही.

तुझी काच मी मोरीपाशी काढली. तू बघत होतीस, दुसऱ्या कोणाचा अंगठा असावा तशी. "नाय दुखत," एवढंच म्हणालीस, आणि ते मला दुखण्यापेक्षा वाईट वाटलं. मग टोपली डोक्यावर घेतलीस आणि मागच्या दारानं गेलीस. पुढचं तू पाहिलं नाहीस. ते सांगते, म्हणजे या माणसांची किळस मला एकटीला का वाहावी लागते ते कळेल.

तू भरलेल्या बांगड्या गोदूच्या हातात होत्या. त्या ठेवाव्यात तर रोग, फोडाव्यात तर नवरीचा चुडा फोडल्याचं अशुभ. शिकलेल्या बायका, एक तर बी.ए., सतरंजीवर बसून तासभर हा खल करत होत्या. शेवटी ठरलं की साबण लावून सगळ्या सुट्या सरकवून काढायच्या. दोघींनी पोरीचं कोपर धरलं, तिसरी ओढत होती. काढताना हात सुजला, सालटी निघाली, आणि या वेळी रक्त खरोखर गोदूचंच होतं. ते कोणाला अशुभ वाटलं नाही. बांगड्या बादलीत बुडवल्या. एक म्हणाली डेटॉल, दुसरी म्हणाली गोमूत्र, तेव्हा दोन्ही घातलं. संध्याकाळी बाजारातून दुसरा कासार आणला आणि सुजलेल्या हातावर त्यानं नव्या चढवल्या. ढुंढिराज कामावरून आला, त्याला सगळं सांगितलं. विमानं बांधणारा माणूस. तो म्हणाला, कुठल्या साबणानं धुतलं? आणि मग मला बाजूला घेऊन, कशाला उगाच रिस्क.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी आले. चिमाजीनं मला बाहेरच गाठलं. त्याच्या कानावर आलेलं होतं. तुझं फुलपात्र त्यानं पायरीवर वेगळं ठेवलं होतं, पालथं, आणि मला सांगत होता की मी काही हाकलत नाय तिला, फक्त सावध राहातोय. तुझ्या हातचं जेवण तो तरीही जेवत होता. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. तुला तशीच उठवून मी माझ्या व्हरांड्यात आणली.

तुला आठवत असेल, तुला तोंड भिंतीकडे करून बसवलं होतं. कापसाची वात, टाचणी, आणि दोन नळ्या, एकीत गरम पाणी, एकीत माठातलं. लागलं की हां म्हण. करंगळीवर हां, अनामिकेवर हां, मधल्या बोटावर अर्धवट हां. तर्जनीवर गप्प. अंगठ्यावर गप्प. मनगटाच्या अंगठ्याकडच्या कडेनं वर सरकत गेले, तू गप्पच. कोपराच्या आसपास तुझी हां परत आली, आधी चाचरत, मग नीट. जिथं जिथं हां बदलली तिथं मी निळ्या शाईनं रेघ ओढत होते. झाल्यावर तुला हात दाखवला. अंगठ्यापासून कोपरापर्यंत एक लांबट पट्टी, कोणी मापून कापल्यासारखी.

मी ती पट्टी पाहिली आणि मला इतकं बरं वाटलं की मी तुला न विचारताच चहा टाकला. कारण ती पट्टी मला पाठ होती. वर्षानुवर्षं फळ्यावर काढत होते.

तुला सांगितलं तेच इथं सांगते. पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू जातो आणि मणक्यांच्या फटींतून त्याच्या फांद्या डावीउजवीकडे बाहेर पडतात, एकतीस जोड्या. अंगावरच्या कातड्याची त्यांनी आपसांत वाटणी केलेली आहे. चेहरा तेवढा त्यांच्याकडे नाही, त्याचं परस्पर डोक्यातून चालतं. छातीपोटावर ही वाटणी कमरपट्ट्यांसारखी आडवी, बेंबीला कळतं ते एका पट्ट्यातून, छातीला वरच्या. हातापायांवर उभी, लांबट. मानेतली सहावी जोडी अंगठ्याची आणि त्याच्या बाजूच्या हाताची. सातवी मधल्या बोटाची. आठवी करंगळीची. आणि शेजारचे पट्टे एकमेकांच्या हद्दीत जरा शिरलेले असतात, म्हणून कडा धूसर.

तू म्हणालीस, "सोपं सांगा."

मी म्हटलं, तुझ्या बापाच्या शेतात पाटाचं पाणी यायचं ना? कालव्यातून चारी फुटते, एका चारीवर ठरावीक वाफे. एकाच चारीवरचे सगळे वाफे वाळले आणि शेजारच्या चारीचे हिरवे आहेत, तर तुझा बाप काय बघायचा? वाफ्याला कीड लागली म्हणायचा का?

"दार बघायचा," तू म्हणालीस. "चारीच्या तोंडचं. कचरा अडकला आसल म्हणून."

तुझं दार मानेत होतं. पोरवयापासून डोक्यावर टोपली, आणि बसलीस की तासन्‌तास दुसरीच्या हातावर मान वाकलेली. मणके झिजून ती फट बुजत आली होती आणि सहावी जोडी उजवीकडे चेपत होती. मी तुझी मान मागे करून उजवीकडे कलवली, वरून जरासं दाबलं. तू ओरडलीस आणि म्हणालीस की अंगठ्यापर्यंत वीज गेली. म्हटलं, हेच. महारोगाचा चट्टा असा नसतो. तो हद्दी पाळत नाही, त्याचा रंग उतरतो, तिथं घाम येत नाही, नस दोरीसारखी जाड लागते. तुझी कोपरापाशीची नस चाचपली, मनगटापाशीची चाचपली. काही नाही.

तू निळ्या रेघेवरून डाव्या हाताचं बोट फिरवलंस. मग विचारलंस, "आन् आसता तर? तुमीबी येगळा कप काढला आसता?"

मी म्हटलं, त्याच्या गोळ्या असतात, गोळ्या घेतल्या असत्यास आणि चहा याच कपातून प्यायली असतीस. तू कपाकडे पाहिलंस, बशीकडे पाहिलंस, आणि म्हणालीस की साखर कमी हाय.

डॉक्टरांनी कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन त्यातला ओलावा काचपट्टीवर तपासला, महारोगाचे जंतू नाहीत, स्वच्छ. मानेचा फोटो काढला, त्यात मी म्हटलं तेच. डोक्यावर ओझं बंद आणि गळ्यात पट्टा. आता वाटतं, तो पट्टा तरी नसता. जाड, पांढरा, हनुवटीपर्यंत. आठवड्याच्या आत वसाहतीत पसरलं की कासारणीच्या गळ्याला जखमा पडल्यात, त्या झाकायला पट्टा घातलाय. औषधच पुराव्यात जमा झालं. तू टोपली काखेत घेऊन दारोदार गेलीस. कोणी घर बंद केलं नाही, आमच्याकडची माणसं सभ्य आहेत. आत्ताच भरल्या, उपास आहे, पुढच्या महिन्यात या. एकीनं तर तुला चिवडा दिला, कागदावर, आणि कागद परत मागितला नाही.

मी चिडले. शिकवायच्या तक्त्याची सुरळी काखोटीला मारली आणि महिला मंडळाच्या सभेत गेले. तक्त्यावर उघडं माणूस, पुढून आणि मागून, अंगभर रंगीत पट्टे. भिंतीवर लावताच कमळाबाई कासावीस झाल्या. म्हणाल्या, खालच्या अर्ध्यावर वर्तमानपत्र लावता येईल का? लावलं. मग पोटऱ्यांचं सांगायला मला वर्तमानपत्र उचलावं लागे आणि दर वेळी सगळ्या बायका खिडकीबाहेर बघत. मुलींना मी शिकवताना सांगत असे की माणूस गुराढोरांसारखा चार पायांवर उभा आहे अशी कल्पना करा, म्हणजे हे पट्टे मानेपासून शेपटापर्यंत कसे रांगेत येतात ते दिसेल. त्या दिवशी मंडळातल्या सगळ्याजणींना तसं उभं करायची मला फार इच्छा झाली.

तासभर बोलले. चारी, वाफे, दार, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी काय पाहिलं ते सांगितलं. माना डोलल्या. मग एकजण म्हणाली, सगळं खरं हो, पण मग तिला चटका कळला का नाही? दुसरी म्हणाली, पुस्तकातलं वेगळं आणि घरात लेकरंबाळं असली की वेगळं. मी कमळाबाईंना म्हटलं, तुम्ही अध्यक्ष, तुम्ही पहिल्या तिच्याकडून भरून घ्या, बाकीच्या येतील. त्या हसल्या. त्यांचं हसणं अजून आठवतं, दातांपाशी थांबणारं.

"तुम्हाला बोलायला काय जातं?" त्या म्हणाल्या. "तुम्हाला थोड्याच भरायच्यात."

सगळ्यांना एकदम सुटका झाल्यासारखं वाटलं. वाक्य बिनतोड होतं. मी सुरळी गुंडाळली आणि थेट तुझ्याकडे आले.

मी म्हटलं, कुसाबाई, काढ बांगड्या, भर माझ्या हातात, उद्या मी सगळ्या वसाहतीतून हात हलवत फिरते. तू हातातलं काम खाली ठेवलंस. गळ्यात पट्टा असल्यामुळं तुला नुसतं डोकं वळवता येत नव्हतं, सगळं अंग माझ्याकडे वळवलंस.

"बाई, तुमाला भरल्या तर हायेत तेवढीबी घरं जातील," तू म्हणालीस. "रोगी कासारीण यकवेळ चालंल. रांडमुंडीला चुडा भरनारी नाय चालायची."

मला राग आला, तुझाही. पण तू धंदा ओळखून होतीस. मला उपाय सुचला तो नर्सिंगच्या मुलींचा. त्यांना सहावी जोडी पाठ होती, तुझा हात मी वर्गात नेऊन दाखवला असता तर एकीनंही पाय आखडले नसते. पण ड्यूटीवर बांगड्या घालायला बंदी. तेव्हा हिशेब असा झाला की ज्यांच्या हातात बांगड्या त्यांना ऐकायचं नाही, आणि ज्यांना समजतं त्यांचे हात मोकळे.

पाऊस सरता सरता तुझी पट्टी आक्रसायला लागली. आधी कोपराकडून, मग मनगट, मग तर्जनी. ओझं गेलं होतं, मान सैलावली होती. दिवाळीपर्यंत अंगठ्याला टाचणी कळायला लागली, जरा बोथट. बरी झालीस. आणि काय उपयोग झाला? बोटांना कळत होतं, पण धरायला कोणी हात देत नव्हतं. चिमाजीनंसुद्धा ते फुलपात्र आत घेतलं नाही. विचारलं तर म्हणाला, आता सवयच झालीय की.

तू बुधवारच्या बाजारात नदीकाठी चादर अंथरून बसायला लागलीस. काचेच्या नाहीत, प्लास्टिकच्या. त्या कोणी भरून द्याव्या लागत नाहीत. गिऱ्हाईक वाकतं, उचलतं, आपल्या हातानं घालतं, जातं. कुठून कुठून आलेल्या बाया, त्यांना तुझा अंगठा माहीत नव्हता, तरी तू कोणाचा हात हातात घेतला नाहीस. मी एकदा म्हटलं, इथं कोण ओळखतंय, भर की काचेच्या. तू म्हणालीस, एखादी ओळखीची निघाली म्हंजे? आणि मला पहिल्यांदाच दिसलं की त्या विमलाबाईनं नुसता अंगठाच भाजला नव्हता.

ओळखीची निघालीही. सहासात वर्षांनी गोदू माहेरी आली होती, बाजारात तुझ्यासमोर थांबली. हे तूच मला हसत हसत सांगितलंस. "मावशी, बऱ्या आहात ना," म्हणाली, डझनभर प्लास्टिकच्या उचलल्या, तुझ्या हातात देऊन बांधून घेतल्या नाहीत, स्वतःच पिशवीत टाकल्या. तुला स्पर्श होणार नाही अशा बेतानं वाकली होती, तू ते मला व्हरांड्यात करून दाखवलंस, पोट आत घेऊन, कोपरं अंगाशी चिकटवून. मला हसू आलं नाही. हीच ती पोरगी, जिचं सालपट आईमावशीनं काढलं आणि तू तिच्या हातावर जखम शोधत होतीस. दोन दिवसांनी ती माझ्याकडे आली तेव्हा तिनं मला विचारलं, आत्या, कासारीण अजून आहे का गं? मी म्हटलं, तू तर तिला भेटून आलीस. तिनं लगेच डबा उघडून करंज्या किती राहिल्यात ते पाहिलं.

मग ब्याऐंशीच्या संक्रांतीच्या आसपास तू आलीस. टोपली नव्हती. पाणी प्यायलीस, पाय पसरलेस, मान मात्र मोडली नाहीस. चिमाजी गेल्याला तेव्हा वर्ष झालं होतं, तुझेही हात मोकळे होते. थोरलीकडे सटाण्याला जायचं घाटत होतं. जरा वेळ इकडचं तिकडचं झालं आणि मग तू एकदम म्हणालीस, "आना हात. आता माझं काय जायचंय?"

मी उजवा पुढे केला. तू मांडीवर घेतलास, चारी बोटं जुळवलीस, आणि माझ्या अंगठ्याच्या मुळाशी आपला अंगठा रोवलास. त्या भाजल्याचा डाग होता अजून, डाळीएवढा, चकचकीत. इतक्या वर्षांत कोणी माझा हात तसा धरला नव्हता. दाबून पाहिलास, फिरवून पाहिलास.

मी विचारलं, "कळतंय?"

"समदं कळतंय," तू म्हणालीस. "लय गार हात हाय तुमचा."

माप सांगितलंस, अडीच. मग रंगावरून आपलं वाजलं. मी म्हटलं हिरव्या घाल, चांगल्या ठसठशीत, कमळाबाईंच्या दारावरून जाते. तू म्हणालीस, हिरव्या सवाशिणींच्या, तुमाला भांडायला हव्यात का ल्यायला? काळ्या मला नको होत्या. लाल तुला नको होत्या. शेवटी तूच म्हणालीस की लासलगावच्या एका व्यापाऱ्याकडे कांद्याच्या सालीच्या रंगाच्या काचेच्या पाहिल्यात, उन्हात धरल्या की आरपार दिसतं, त्या रंगावर कोणाचा हक्क नाय. सटाण्याला जाताना वाट वाकडी करून घेते आणि पोरीला भेटून परत आले की भरते. उठताना पुन्हा विचारलंस, पावणेतीन तर नाय ना होनार, तुमी जाड होताय. मी म्हटलं नाही होणार.

त्यानंतर तू आली नाहीस. सटाण्याच्या पत्त्यावर दोन कार्डं टाकली, उत्तर नाही. कमळाबाई आता मानेच्या दुखण्यानं बेजार असतात, हाताला मुंग्या येतात म्हणून मला दाखवायला आल्या होत्या; मी त्यांचा हात तपासला, रेघा ओढल्या, आणि साबणानं हात धुतले. विमलाबाई पुण्यात सुखात आहेत.

घड्याळ मी अलीकडे पर्समध्ये ठेवते. माप अजून अडीचच आहे.